परूशी एकही शब्द खोटे बोलला नव्हता

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूचा एक दाखला आहे: परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा माणूस) आणि जकातदार (लोकांच्या तिरस्काराचा धनी असलेला करवसूल करणारा) मंदिरात प्रार्थना करतात, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. हा दाखला इतका ओळखीचा झाला आहे की परूशाने तोंड उघडायच्या आतच आपण त्याला नापास करून टाकतो. त्याची प्रार्थना एकदा सावकाश वाचावी. तो लुबाडत नाही, व्यभिचार करत नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, जे मिळते त्या सगळ्याचा दशमांश देतो. यातले काही खोटे असल्याचे येशू कुठेच सुचवत नाही. मोशेच्या नियमशास्त्राने सगळ्या लोकांना बंधनकारक केलेला उपास वर्षातून एकच होता, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा (लेवीय २३:२७). हा गृहस्थ वर्षाला शंभरावर उपास करत होता. शिवाय श्रेय तो देवालाच देतो. प्रार्थनेची सुरुवातच आभाराने होते. 'हे सगळे देवाच्या कृपेने' एवढे म्हटले की आपण गर्वातून सुटलो, ही समजूत या एका दाखल्यात निकालात निघते.

मग बिघडले कुठे? ९व्या वचनात लूक दोन गोष्टी एकत्र बांधतो: आपण नीतिमान आहोत असा स्वतःवर भरवसा, आणि इतरांना तुच्छ लेखणे. ही जोडी सहसा सुटी सापडत नाही. असा भरवसा टिकवायला खाली कोणीतरी लागतोच, आणि त्या दिवशी तो मंदिरातच हाताशी होता. पण त्या प्रार्थनेतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तिच्यात मागणे नाही. क्षमा नको, मदत नको, शहाणपण नको. देवासमोर उभा राहून माणूस अहवाल वाचतो आणि निघून जातो.

जकातदाराची प्रार्थना एका ओळीची, आणि ती सगळी मागणीच आहे. मूळ ग्रीक भाषेत त्याने 'दया कर' यासाठी वापरलेला शब्द नेहमीचा नाही. याच अध्यायाच्या शेवटी यरीहोजवळचा आंधळा 'दया करा' असे ओरडतो तेव्हा तिथे साधा, रोजच्या वापरातला शब्द येतो. जकातदाराचा शब्द प्रायश्चित्ताशी, दयासनाशी (कराराच्या कोशाच्या झाकणाशी, जिथे प्रायश्चित्ताच्या दिवशी रक्त शिंपडत) नाते सांगणारा आहे: माझ्या पापाची भरपाई तूच करून घे, अशा अर्थाचा. आणि 'पापी' या शब्दाआधी ग्रीकमध्ये निश्चित उपपद आहे. जणू त्या अंगणात पापी तो एकटाच. परूशी त्याच मंदिरात उभा आहे, पण याला तुलना सुचतच नाही.

म्हणून स्वनीतिमत्त्वाची माझ्यापुरती व्याख्या अशी: देवाकडे काही मागायचे उरलेले नसणे. 'मी किती चांगला' असे मनात म्हणणारी माणसे थोडीच असतात. गरज संपलेली माणसे मात्र मंडळीत (चर्चमध्ये) भरपूर सापडतात, आणि त्यांत वर्षानुवर्षे सेवा करणारे जास्त असतात.

ओळखायचे कसे, हा खरा अवघड भाग, कारण हे पाप चांगल्या कामाच्या आत राहते. चोरी करणाऱ्याला आपण चोरी करतो हे ठाऊक असते. उपास करणाऱ्याला आपण नेमके काय करतो आहोत हे कळेलच असे नाही. तेव्हा कामाकडे पाहून उपयोग नाही. कामाच्या आजूबाजूला पाहावे लागते.

पहिली खूण म्हणजे रागाचे माप. नाथान संदेष्टा दावीद राजाला श्रीमंताने बळकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो (२ शमुवेल १२). दावीद भडकतो आणि निकाल देतो: असे करणारा मरणदंडास पात्र आहे, आणि त्याने चौपट भरून द्यावे. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे ही नियमशास्त्राचीच शिक्षा होती (निर्गम २२:१). मरणदंड मात्र तिथे कुठेच नाही. तो दावीदाने पदरचा घातला. बथशेबाशी व्यभिचार आणि तिचा नवरा उरीया याचा घात, हे प्रकरण पोटात दडवून ठेवलेला माणूस मेंढीचोराला कायद्याहून कडक शिक्षा सुनावतो. स्वतःचे ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. एखाद्याच्या चुकीवर आपला राग चुकीच्या मापाबाहेर गेला, तर जादाचा राग कुठून आला ते शोधावे. बहुतेक वेळा खाली आपलेच काहीतरी मुरत पडलेले असते. याची दुसरी बाजूही आहे: ज्या पापाचा आपल्याला मोह होत नाही, त्याच पापावर आपण सर्वांत कडक असतो. ज्याला दारूचे आकर्षण नाही तो दारुड्यावर तुटून पडतो, आणि स्वतःच्या जिभेविषयी बोलायचे विसरतो.

दुसरी खूण सर्वनामांत सापडते. घर सोडून पैसा उडवून परतलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ बापाशी भांडताना 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बाप उत्तर देताना ते शांतपणे उलटवतो: 'हा तुझा भाऊ' (लूक १५:३०, ३२). त्याच भांडणात थोरला स्वतःच्या इतक्या वर्षांच्या चाकरीचा आणि न मिळालेल्या करडाचा हिशेब मांडतो. बापाच्या घरात तो मजुरासारखा राहिला होता आणि त्याचा त्याला पत्ताच नव्हता. मंडळीतल्या ज्या माणसाविषयी बोलताना आपण 'ते लोक', 'तसले लोक' असे शब्द वापरू लागतो, तिथे थोरला भाऊ बोलू लागला आहे असे समजावे.

तिसरी खूण प्रार्थनेच्या विनंतीतली. 'अमक्यासाठी प्रार्थना करा हं, त्याचे सध्या काय चालले आहे ते तुम्हाला माहीतच असेल.' ही चहाडीच, फक्त डोळे मिटून केलेली. कसोटी सोपी आहे: त्या माणसासाठी आपण एकट्याने, कोणी ऐकत नसताना, निदान आठवडाभर प्रार्थना केली आहे का? केली नसेल तर विनंती गिळून टाकावी.

आता उपायाकडे, पण आधी चुकीच्या उपायाविषयी, कारण बहुतेक जण तिकडेच जातात. 'मी काहीच नाही, मी माती, माझ्याकडून काय होणार' असे म्हणत राहणे म्हणजे नम्रता नव्हे. अशा बोलण्याचे केंद्र पुन्हा 'मी'च असतो. १२व्या शतकात क्लेरव्होचा बर्नार्ड याने गर्वाच्या बारा पायऱ्या मोजल्या होत्या. पहिली पायरी त्याने नजरेची सांगितली: इतरांकडे भिरभिरणारे कुतूहल. आठवी पायरी स्वतःच्या पापाचे समर्थन, आणि नववी खोटी कबुली. म्हणजे समर्थनाच्याही पुढची! माणूस स्वतःला इतके वाईट म्हणतो की ऐकणाऱ्याने 'छे छे, तुम्ही तसे नाही' म्हणावे. याची परीक्षा घ्यायची तर समोरच्याने मान डोलावून 'हो, खरे आहे तुमचे' म्हणावे. चेहरा काय होतो ते लगेच दिसते.

प्रेषित पौलाकडे पाहिले की फरक कळतो. करिंथकरांना तो लिहितो की मी प्रेषितांत कनिष्ठ आहे, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो की मी इतर सर्वांपेक्षा जास्त श्रम केले, पण ते मी नव्हे तर माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने (१ करिंथ १५:९–१०). केलेले काम तो नाकारत नाही. नम्रतेसाठी खोटे बोलावे लागत नाही. इफिसकरांस पत्रात तो सर्व पवित्र जनांत लहानाहून लहान होतो, आणि तीमथ्याला लिहिताना पाप्यांमध्ये मुख्य. तिथे 'होतो' नाही, 'आहे' असा वर्तमानकाळ आहे. पत्रांचा हा पारंपरिक क्रम धरला, तर वय आणि सेवा वाढत गेली तशी त्याची स्वतःविषयीची जागा खाली सरकत गेली.

ख्रिस्ती मंडळीने या बाबतीत स्वतःचीच एक गंमत करून घेतली आहे. परूशी परंपरेत उपासाचे दिवस सोमवार आणि गुरुवार असत. 'डिडाखे' ही अगदी सुरुवातीच्या काळातली मार्गदर्शिका आपल्या ८व्या अध्यायात सांगते की ढोंगी लोकांसारखे त्या दिवशी उपास करू नका. तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. म्हणजे आठवड्याला उपास दोनच राहिले, फक्त वार बदलले. (आणि वेगळे असल्याचे समाधान वर मिळाले, ते निराळेच.) पण पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी पुढे यावर एक शहाणा उतारा काढला. ईस्टरच्या दहा आठवडे आधीचा रविवार त्या परूशी आणि जकातदाराच्या नावाने पाळतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात बुधवार-शुक्रवारचा नेहमीचा उपास करतच नाहीत. मोठ्या उपासकाळाची तयारी सुरू होते ती उपास मोडून! उपास चांगला आहे, पण त्यावर टेकून उभे राहू नका, हे प्रवचनाने सांगण्याऐवजी त्यांनी ते पंचांगातच बसवले. मला ही कल्पना फार आवडते. जी शिस्त सर्वांत व्यवस्थित जमते आहे, ती वर्षातून एक आठवडा जाणूनबुजून थांबवावी आणि मनाचे काय होते ते पाहावे. 'आता देव माझ्यावर नाराज असेल' असे वाटले, तर ती शिस्त केव्हाच मजुरी झाली होती.

रोजच्या सवयींत मी सर्वांत वर ठेवीन ती नेमकी कबुली. 'प्रभू, मी पापी आहे, मला क्षमा कर' ही प्रार्थना वाईट नाही, पण ती पोकळ व्हायला वेळ लागत नाही. सगळेच पापी, त्यात मीही एक, असे म्हणताना गर्दीत लपायची सोय होते. रात्री दहा मिनिटे घ्या आणि दिवसातली एकच गोष्ट नाव, वेळ आणि शब्द यांसह देवासमोर ठेवा: दुपारी अमक्याशी बोलताना त्याचे वाक्य तोडले, कारण तो माझ्यापेक्षा चांगले बोलत होता. 'कारण' हा भाग सोडू नका, गर्व तिथेच असतो. एकाच दिवशी दहा गोष्टी उकरू नयेत. तसे केले की दोनच परिणाम होतात, निराशा किंवा आपल्या प्रामाणिकपणाचे कौतुक. सुरुवातीला स्तोत्र १३९:२३–२४ म्हणावे, कारण तिथे झडती देव घेतो, आपण नव्हे. आणि कबुलीनंतर क्षमा मिळाली हे मोठ्याने म्हणून थांबावे. पुन्हा उगाळत बसणे म्हणजे वधस्तंभावरचे काम अपुरे मानणे.

आठवड्यातून एकदा यातले काही विश्वासातल्या एका माणसाला सांगावे (याकोब ५:१६). हा माणूस आपला चाहता नसावा आणि आपल्या हाताखाली काम करणाराही नसावा. पहिला गोंजारतो, दुसऱ्याला खरे बोलणे परवडत नाही.

माफी मागणे ही पुढची जागा, आणि इथे भले भले घसरतात. माफीच्या वाक्यात दोन शब्द येऊ द्यायचे नाहीत: 'जर' आणि 'पण'. 'जर तुला वाईट वाटले असेल तर' यात चूक ऐकणाऱ्याच्या भावनेवर ढकलली जाते. 'मी चुकलो, पण तूही' यात माफी मागता मागता वसुली सुरू होते. मी काय केले, त्याने तुझे काय नुकसान झाले, ते चूक होते, आणि आता मी काय भरून देतो, एवढेच बोलून गप्प बसावे. समोरच्याने लगेच क्षमा करावी अशी अपेक्षाही ठेवू नये. जक्कय या श्रीमंत मुख्य जकातदाराने हे नीट केले. कबूल केलेल्या फसवणुकीसाठी नियमशास्त्र मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा मागत होते (गणना ५:७). जक्कय चौपट देऊ करतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो ती वेगळीच (लूक १९:८). दावीदाने चौपटीचा दंड दुसऱ्यावर लावला होता. जक्कय तो स्वतःवर लावतो. आणि तो हे करतो ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर. स्वीकार आधी झाला, भरपाई नंतर आली. हा क्रम उलटा केला की पुन्हा परूशाचा हिशेब सुरू होतो.

टीका ऐकताना एक साधा नियम पाळता येतो: चोवीस तास उत्तर द्यायचे नाही. 'मला यावर विचार करू दे' एवढेच म्हणावे. पहिल्या मिनिटात मनात येणारे उत्तर जवळजवळ नेहमी वकिली असते. टीकेत दहातला एक भाग खरा असला तरी त्या एका भागाचे आधी करावे. उरलेल्या नऊ भागांचा खुलासा नंतर, लागलाच तर. टीका करणाऱ्याचा हेतू शुद्ध होता की नाही, हा प्रश्न त्या चोवीस तासांत बाजूला ठेवावा, कारण वाईट हेतूने बोललेलेही खरे असू शकते.

मत्तयच्या ६व्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींविषयी एकच गोष्ट सांगतो: दाखवण्यासाठी करणाऱ्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. तिथे वापरलेले ग्रीक क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर 'रक्कम पूर्ण मिळाली' अशा अर्थाने येत असे. पावती फाडली, व्यवहार संपला. म्हणून आठवड्यातून एक काम असे करावे की ते कोणालाही कधीच कळणार नाही, साक्ष देतानाही नाही. पहिले काही दिवस मनाला ते कोणीतरी ओघात शोधून काढावे असे वाटत राहते. वाटू द्यावे, सांगू नये.

सेवा करण्याबद्दल खूप बोलले जाते, सेवा घेण्याबद्दल फारच कमी. शेवटच्या भोजनाच्या वेळी पेत्राने येशूला पाय धुऊ द्यायला नकार दिला (योहान १३:८). वरून ते नम्र दिसते, पण येशू ते चालवून घेत नाही. इतरांचे पाय धुणारे, पण स्वतःचे पाय पुढे करायला तयार नसलेले पुढारी मी धोक्यात आहेत असे समजतो. आपल्यापेक्षा वयाने किंवा विश्वासाने लहान असलेल्या कोणाला तरी 'माझ्यासाठी प्रार्थना कर' असे म्हणावे, आणि कशासाठी तेही नीट सांगावे. मागण्याची सवय देवाशी लावायची असेल तर माणसांशीही लावावी लागते.

मग दुसऱ्याची चूक कधीच दाखवायची नाही का? तसे नाही. मत्तय ७:५ मध्ये येशू कुसळ काढायला मना करत नाही. आधी आपले मुसळ, मग त्याचे कुसळ, असा क्रम लावतो. गलतीकरांस ६:१ मध्ये पौल पडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणायला सांगतो. तिथले ग्रीक क्रियापद मार्क १:१९ मध्ये जाळी नीट करणाऱ्या जब्दीच्या मुलांसाठी आले आहे. जाळे दुरुस्त करणारा ते झटकत नाही. फाटलेली जागा शोधून गाठ मारतो. चौथ्या शतकात इजिप्तमधल्या स्केटिसच्या वाळवंटात अब्बा मोशे नावाचे संन्यासी राहत, पूर्वाश्रमीचे दरोडेखोर. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करायला त्यांना बोलावले, तेव्हा ते पाण्याचे गळके भांडे घेऊन गेले. विचारल्यावर म्हणाले, माझी पापे माझ्या मागे सांडत आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. त्या बंधूला क्षमा झाली. आपल्यापुरते एवढे पाहावे: बोलायला जाताना मनात थोडीशी खुशी असेल, वाक्ये आधीच घोळवून ठेवली असतील, तर त्या दिवशी जाऊ नये. जड पायांनी जावेसे वाटले की मग जावे, आणि एकट्याने जावे (मत्तय १८:१५).

कबुलीसाठी वही ठेवणाऱ्यांना एक सूचना. काही आठवड्यांनी नोंदी कमी होऊ लागतात, आणि 'आता बरीच प्रगती झाली' असे वाटते. नोंदी कमी होण्याचे कारण बहुधा पाहणे कमी होणे हे असते. त्या आठवड्यात घरातल्या कोणाला तरी विचारावे. आणि वही भरली की फाडून टाकावी. जपून ठेवलेली वही एक ना एक दिवस कोणाला तरी दाखवली जाते.